चित्ररामायणकार औंधनरेश श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

इ. स. १९३५ मध्ये मराठी साहित्य संमेलन इंदूर येथे भरले आणि त्याच्या अध्यक्षस्थानी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी विराजमान झाले. उज्जैन तेव्हा शिंदे सरकारच्या राज्यात होते आणि इंदूर होळकरांच्या. तरी माळव्यातील मराठी घरांना ही सरहद्द फारशी जाणवत नसे. त्या अध्यक्षपदामागे इतिहासाचा एक विलक्षण योग होता. दोन शतकांपूर्वी सातारच्या दरबारात पहिल्या बाजीरावांनी उत्तरेकडील मोहिमांचा आग्रह धरला, तेव्हा त्याला विरोध करणारे प्रमुख मुत्सद्दी होते श्रीपतराव प्रतिनिधी. आधी घरची घडी नीट बसवावी, मग बाहेर पडावे, असे त्यांचे मत असल्याचे इतिहासकार सांगतात. शाहू महाराजांनी बाजीरावांची बाजू उचलून धरली, मराठी फौजा नर्मदेपार आल्या, राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले आणि शिप्रेच्या काठी मराठी संसार उभे राहिले. ज्या घराण्याने माळव्याची वाट धरण्यास विरोध केला, त्याच घराण्यातील एक पुरुष पुढे मराठी भाषेचा मानकरी म्हणून माळव्यात आला.

बाळासाहेबांची ओळख आज अनेक अंगांनी करून दिली जाते. सूर्यनमस्काराचे प्रचारक, स्वतःचे अधिकार प्रजेच्या स्वाधीन करणारे राजे, वस्तुसंग्रहालयाचे संस्थापक अशी त्यांची कीर्ती आहे. परंतु ग्रंथांवर प्रेम करणाऱ्यांनी त्यांचे स्मरण आणखी एका कारणासाठी ठेवले पाहिजे. ज्या कथेवर आपले निम्मे सणवार उभे आहेत, त्या रामकथेचा एक देखणा, सचित्र, संग्राह्य ग्रंथ त्यांनी स्वतःच्या कुंचल्याने सिद्ध केला. ती चित्रे नुसती सुंदर असून भागणार नाही, ती खरीही असली पाहिजेत, हा हट्ट त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

प्रतिनिधींचे घराणे मूळचे सातारा भागातील किन्हईचे. परशुराम त्रिंबक हे या घराण्याचे कर्ते मूळपुरुष. राजाराम महाराजांच्या बिकट काळात त्यांनी पराक्रम गाजवला आणि प्रतिनिधिपद मिळवले. पुढे पेशवाईच्या उत्कर्षात या पदाचे तेज कमी होत गेले आणि इंग्रजी अमलात औंधचे लहानसे संस्थान तेवढे उरले. बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. वडील श्रीनिवासराव हे संस्थानचे अधिपती होते. मात्र बाळासाहेब ज्येष्ठ पुत्र नसल्यामुळे गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा त्यांना नव्हती. कदाचित त्यामुळेच त्यांचे शिक्षण राजपुत्रासारखे न होता सुशिक्षित गृहस्थासारखे झाले. सातारा आणि पुणे येथे शिकून ते डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. आपल्या ग्रंथांवर नावापुढे ही पदवी ते कौतुकाने छापीत. नंतर काही वर्षे त्यांनी वडिलांच्या हाताखाली संस्थानचा कारभार पाहिला.

श्रीनिवासरावांच्या निधनानंतर १९०१ मध्ये थोरले बंधू आणि १९०५ मध्ये त्यांचे चिरंजीव गादीवर आले. या पुतण्याला इंग्रज सरकारने पदच्युत केले आणि १९०९ च्या नोव्हेंबर महिन्यात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, बाळासाहेबांना राजेपद मिळाले. संस्थान म्हणजे अवघी बहात्तर गावे, तीही सलग नव्हेत. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे दूर दूर विखुरलेले होते. भाग बहुतांशी दुष्काळी. अशा संस्थानच्या खजिन्यातून कलेची हौस पुरवणे सोपे नव्हते आणि ती पुरवावी की नाही, हाही प्रश्नच होता. बाळासाहेबांच्या पुढील आयुष्याला या प्रश्नाची सोबत कायम राहिली.

कारभार हाती येताच त्यांनी केलेले एक काम महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात नोंदले गेले आहे. बेळगावातील जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० मध्ये कुंडलजवळचे बत्तीस एकर माळरान आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. १९२० मध्ये याच वाडीतून निघालेल्या खबरपत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि ते महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचनालयांतूनही आवडीने वाचले गेले.

बाळासाहेबांच्या अंतःकरणात रामकथेचे स्थान फार जुने होते. ते स्वतः उत्तम कीर्तन करीत. अंगरखा, पागोटे, हाती चिपळ्या अशा नारदीय थाटात उभे राहून पूर्वरंगात सिद्धांत मांडावा आणि उत्तररंगात आख्यान लावावे, यात त्यांना राजेपणाचा कमीपणा कधी वाटला नाही. चैत्रातील रामनवमी, आश्विनातील विजयादशमी, त्यापाठोपाठ येणारी दिवाळी या साऱ्यांचे नाते लोकमानसाने रामाशी जोडले आहे. उज्जैनकरांना हे निराळे सांगावयास नको. शिप्रेच्या रामघाटावर श्रीरामांनी पित्याचे श्राद्ध केले, ही श्रद्धा येथे पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. अशी सर्वांना पाठ असलेली कथा श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभी करणे हे कीर्तनकाराचे काम, आणि बाळासाहेबांच्या हाती तर शब्दांबरोबर रंगही होते.

त्यांच्या तारुण्याचा काळ राजा रविवर्म्यांचा होता. रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि राम, सीता, लक्ष्मी, सरस्वती यांची रंगीत चित्रे घरोघरी भिंतीवर लागली. बाळासाहेब त्या चित्रांचे मोठे चाहते होते. त्यांच्या संग्रहात रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे आली आणि ती आजही औंधची शोभा आहेत. परंतु ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या कामातील उणीव पाहण्याची दृष्टीही त्यांच्यापाशी होती. रविवर्म्यांच्या नायिका त्यांच्या स्वतःच्या काळातील लुगडी व चोळ्या नेसून उभ्या होत्या आणि राजवाड्यांच्या कमानी व पडदे अलीकडच्या दरबारांतून उचललेले होते. त्रेतायुगातील सीता दक्षिणेतील किंवा महाराष्ट्रातील आधुनिक घरंदाज स्त्रीसारखी कशी दिसेल, हा प्रश्न बाळासाहेबांना अस्वस्थ करीत असे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी ते दगडाकडे वळले. सांची, भारहुत, अमरावती येथील शिल्पे, वेरूळची लेणी आणि अजिंठ्याची भित्तिचित्रे यांतील वस्त्रे, अलंकार, केशरचना, रथ, आसने, शस्त्रे यांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. शिवलेले कपडे किती आढळतात, उत्तरीय कसे घेतले जाते, मुकुटाची घडण कशी आहे, अशा तपशिलांतून त्यांनी आपले चित्रविश्व रचले. या अभ्यासाचे फळ म्हणजे १९१६ मध्ये मुंबईत छापून निघालेले चित्ररामायण. मोठ्या आकाराची पाने, भक्कम व सुशोभित बांधणी, स्वतंत्र कागदावर छापलेली सुमारे साठ रंगीत चित्रे आणि त्या त्या चित्राचा कथाभाग असे त्याचे रूप होते. देशोदेशींच्या वाचकांसाठी तो मजकूर इंग्रजीत देण्यात आला.

अशा ग्रंथांची प्रथा त्या काळी इंग्लंडात भरात होती. नाताळाच्या सुमारास भेट देण्याजोगी, सोनेरी कडांची सचित्र पुस्तके तेथील प्रकाशक काढीत. त्या प्रथेचा प्रसिद्ध नमुना म्हणजे चार्ल्स डिकन्सची नाताळकथा, ‘अ ख्रिसमस कॅरॉल’. ती १८४३ च्या डिसेंबरात जॉन लीचच्या चित्रांसह, सोनेरी कडांनी सजून बाहेर आली. पुस्तक देखणे व्हावे यासाठी डिकन्सने एवढा खर्च केला की, पहिल्या सहा हजार प्रती हातोहात खपूनही त्याच्या पदरी अपेक्षेच्या मानाने फारच थोडे पडले. त्याच कथेला आर्थर रॅकहॅमने नव्याने चित्रे काढली आणि चित्रकाराच्या सहीच्या मोजक्या प्रतींची खास आवृत्ती १९१५ मध्ये, म्हणजे चित्ररामायणाच्या आदल्याच वर्षी, निघाली. आपल्याकडेही काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून सणाची सांगड छापील अक्षराशी घातली होती. सण हा वाचनाचाही मुहूर्त असतो, हे दोन्ही समाजांनी आपापल्या रीतीने ओळखले होते.

तरीही चित्ररामायणाची जात थोडी निराळी होती. इंग्रजी सजावटीच्या पुस्तकांत कल्पनेला मोकळे रान असे. बाळासाहेबांनी कल्पनेला पुराव्याचा लगाम घातला. यातच त्यांच्या चित्रांचे बळ आहे आणि मर्यादाही. त्यांच्या आकृती पाश्चात्त्य वास्तववादी वळणाच्या आहेत, छायाप्रकाश त्याच पद्धतीचा आहे, आणि वस्त्रालंकार मात्र प्राचीन शिल्पांतील. या दोहोंचा मेळ प्रत्येक ठिकाणी बसला असे नाही. काही प्रसंगांत पात्रे नाटकातील प्रवेशासारखी ताठ उभी राहतात. त्याच सुमारास बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर आणि त्यांचे शिष्य वास्तववाद बाजूस सारून रेषेचा व भावाचा निराळा मार्ग चोखाळत होते. तो मार्ग बाळासाहेबांनी धरला नाही. शिवाय, सांचीचे दगड कितीही जुने असले तरी ते वाल्मीकींच्या काळाचे नव्हेत आणि अजिंठ्याची उत्तम चित्रे तर त्याहून काही शतकांनी अलीकडची. पुरावा जेथे संपतो तेथे त्यांचे प्राचीनत्वही संपते. हे सर्व मान्य करूनही असे म्हणावे लागते की, देवादिकांच्या चित्रांना इतिहासाचा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्या पिढीतील फार थोड्या चित्रकारांनी दाखवले. भक्त असूनही तो प्रश्न विचारणे, हे बाळासाहेबांचे वैशिष्ट्य होय.

या दृष्टीला लवकरच एका महान कार्याची जोड मिळाली. १९१७ च्या जुलैमध्ये पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. महाभारताची सचित्र चिकित्सक आवृत्ती काढावी, या कल्पनेला बाळासाहेबांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. बहात्तर गावांच्या दुष्काळी संस्थानला ही रक्कम लहान नव्हती. १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला आणि १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकरांनी संपादनाची धुरा वाहिली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मलयाळम लिपीपर्यंत शेकडो हस्तलिखिते ताडून, मागाहून पडलेली भर बाजूस काढीत जुन्यात जुन्या पाठापर्यंत पोहोचायचे, ही त्यांची पद्धत. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले. या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर संपादकाबरोबर बाळासाहेबांचेही नाव आहे आणि चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढल्याचा उल्लेखही आहे. संपादक शब्दांच्या बाबतीत जे करीत होते तेच चित्रकार राजा वस्त्रांच्या व अलंकारांच्या बाबतीत करू पाहत होता. मध्यंतरीच्या शतकांनी चढवलेला साज उतरवून मुळाजवळ जाण्याची ओढ दोघांचीही होती. हे कार्य १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. ते पाहण्यास बाळासाहेब उरले नव्हते.

अभ्यास आपल्यापुरता ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. सामान्य प्रवाशाला हाताशी धरून लेणी दाखवावीत तशी वेरूळवरील पुस्तिका त्यांनी १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावरील १९३२ मध्ये प्रसिद्ध केली. सूर्यनमस्कार हे तर त्यांचे जीवनव्रतच. ते स्वतः नित्य नमस्कार घालीत आणि संस्थानच्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले. त्यांचे सूर्यनमस्कारावरील विवेचन १९३८ मध्ये लंडनहून पुस्तकरूपाने निघाले. याच वर्षी औंधच्या यमाईच्या टेकडीवर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. रविवर्मा, धुरंधर आदींची चित्रे, प्राचीन वस्तू आणि हेन्री मूर या आधुनिक इंग्रज शिल्पकाराने घडवलेले माता व बालकाचे शिल्प यांचा संग्रह एका खेड्याच्या टेकडीवर मांडला गेला. राजवाड्याच्या दालनात कुलूपबंद राहू शकली असती अशी ही संपत्ती गुराख्याच्याही नजरेस पडेल अशा ठिकाणी आली.

याच १९३८ सालाने बाळासाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय पाहिला. रामकथा सांगणाऱ्या राजाला रामराज्याचा प्रश्न टाळता येत नाही. चिपळ्या हाती घेऊन प्रजारंजनाचे आख्यान लावणारा मनुष्य सिंहासनावर मात्र एकतंत्री सत्ता चालवतो, ही विसंगती त्या काळातील अनेक संस्थानिकांनी सुखाने पचवली होती. बाळासाहेबांनी ती पचवली नाही. त्यांचे सुपुत्र बॅरिस्टर अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी या विचाराला चालना दिली आणि महात्मा गांधींचे मार्गदर्शन लाभले. १९३८ च्या नोव्हेंबरात, सत्तरीच्या वाढदिवसाच्या समारंभात, बाळासाहेबांनी प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली आणि १९३९ च्या जानेवारीत ग्रामपंचायतींच्या पायावर उभारलेली औंधची राज्यघटना अमलात आली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवण्यात आली. भिंतींवाचून चालणाऱ्या या तुरुंगाचे प्रतिबिंब पुढे १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या शांतारामबापूंच्या चित्रपटात पडले. त्याची कथा गजानन दिगंबर माडगूळकरांची.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या मार्चमध्ये, औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्याने सत्ता आधीच सोडली होती त्याला विलीनीकरणाचा धक्का बसण्याचे कारण नव्हते. १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी बाळासाहेबांची जीवनयात्रा संपली.

राजांच्या चित्ररामायणाच्या प्रती दुर्मिळ झाल्या आहेत. जुन्या ग्रंथांचे संग्राहक त्यांच्यासाठी मोठी किंमत मोजतात. निघाला तेव्हाही तो ग्रंथ सामान्यांच्या खिशाला परवडणारा नव्हता. कीर्तनात देवळाच्या ओसरीवर बसलेल्या निरक्षर म्हातारीपर्यंत पोहोचणारा हा कथेकरी ग्रंथात मात्र बंगल्यांच्या आणि राजवाड्यांच्या कपाटांपर्यंतच पोहोचला, असा आक्षेप कोणी घेतला तर तो सर्वस्वी चुकीचा ठरणार नाही. त्याला उत्तर आहे ते त्यांच्या पुढील आयुष्यात. भारी ग्रंथानंतर त्यांनी लेण्यांवरील लहान पुस्तिका लिहिल्या, खाजगी संग्रहाचे सार्वजनिक संग्रहालय केले, आणि शेवटी राज्यही ज्याचे त्याच्या हाती दिले. स्वतःपाशी असलेली प्रत्येक मौल्यवान गोष्ट कपाटाबाहेर काढीत जाणे, असाच त्यांच्या जीवनाचा क्रम दिसतो.

रामकथेच्या बाबतीत हे काम औंधच्याच मातीत वाढलेल्या एका मुलाने पुरे केले. माडगूळकर औंध संस्थानातील, आणि शिकले तेही औंधच्या शाळेत. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, त्यांचे गीतरामायण सुधीर फडके यांच्या स्वरांनी पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि वर्षभर, छप्पन्न गीतांतून, घराघरांत पोहोचले. त्यासाठी ना आर्ट पेपर लागला, ना सोनेरी बांधणी. नर्मदेअलीकडच्या मराठी घरांतही ती गीते रामनवमीच्या उत्सवाचा भाग झाली. राजाने रंगांत मांडलेली आणि ओसरीवर गायिलेली कथा त्याच्या मुलखातील कवीने स्वरांत दिली.

ग्रंथालयाच्या दृष्टीने बाळासाहेबांच्या चरित्राचा अर्थ येथे आहे. एकट्याला न परवडणारा ग्रंथ गावातील सर्वांना पाहता यावा, यासाठीच वाचनालये जन्मास आली. देखणा, भरजरी बांधणीचा ग्रंथ जपलाच पाहिजे. वाळवी, दमट हवा आणि निष्काळजी हात यांपासून त्याचे रक्षण करणे हा ग्रंथपालाचा धर्मच आहे. परंतु जपणुकीच्या नावाखाली तो कायमचा कुलपात गेला तर ज्याने तो घडवला त्याचा हेतू हरवतो. रामनवमीला किंवा दसऱ्याला असा एखादा ग्रंथ मेजावर उघडून ठेवावा, मुलांनी त्याभोवती गर्दी करावी आणि सीतेचे वस्त्र असे का आहे हा प्रश्न विचारावा, यापेक्षा निराळे स्मारक त्या चित्रकार राजाला नको असते.